पाठ होण्याची गोळी

परीक्षांचे दिवस जवळ आले की मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. "वाचलेलं डोक्यात राहत नाही, त्यावर काही गोळी आहे का हो?" विचारणाऱ्यांत मुलांचे आईवडील असतात, अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, आणि अलीकडे पन्नाशीच्या आसपासचे नोकरदारही असतात. ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलेलं असतं आणि बरोबरची तरुण मुलं ते चटकन शिकतात, याची त्यांना धास्ती असते.

या प्रकरणात आपण फक्त धडधाकट, प्रौढ माणसांचा विचार करणार आहोत. लक्ष टिकत नसल्याचा विकार, अल्झायमर, झोपेचे आजार यांवर जी औषधं डॉक्टर देतात, त्यांची गरज वेगळी आहे. तुमच्या घरात कुणाला असं औषध चालू असेल, तर हे वाचून ते बंद करू नका.

१. डोक्यात राहत नाही, म्हणजे काय होत नाही?

इमारतीत नवे शेजारी राहायला आले. लिफ्टमध्ये त्यांनी नाव सांगितलं आणि आठवड्याने ते भेटले तेव्हा तुम्हाला नाव आठवेना. असं तीन कारणांनी होऊ शकतं. पहिलं, त्यांनी नाव सांगितलं तेव्हा तुमचं लक्ष फोनमध्ये होतं, म्हणजे नाव आत गेलंच नाही. दुसरं, नाव आत गेलं, पण टिकलं नाही. तिसरं, नाव आत आहे, फक्त वेळेवर बाहेर येत नाही. कुणी पहिलं अक्षर सांगितलं की लगेच आठवतं.

घेणं, टिकवणं आणि काढणं अशा या तीन पायऱ्या आहेत. स्मरणशक्तीच्या औषधाबद्दल कुणीही काही सांगू लागलं, की ते कोणत्या पायरीवर काम करतं हे आधी विचारावं. बहुतेक औषधं पहिल्या पायरीच्याही अलीकडे, म्हणजे जागेपणावर आणि उत्साहावर काम करतात. लोकांना हवी असते ती मात्र दुसरी पायरी.

२. रात्रभर लागणारं दही

दुसऱ्या पायरीची कल्पना पहिल्यांदा स्पष्टपणे मांडली ती जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या म्युलर आणि पिल्झेकर यांनी, १९०० साली. त्यांनी लोकांना निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. पाठ झाल्याबरोबर दुसरी यादी दिली, की पहिली यादी जास्त विसरली जायची. मध्ये वेळ जाऊ दिला, की ती टिकायची. म्हणजे पाठ झालेली गोष्ट लगेच पक्की होत नाही, तिला वेळ लागतो.

घरात दही लावतो तसंच हे आहे. कोमट दुधात विरजण घातलं की आपलं काम संपतं, पण दही व्हायला पुढचे काही तास लागतात. त्या वेळात भांडं हलवत राहिलं तर ते नीट लागत नाही. विरजण दुप्पट घातल्याने दही दुप्पट चांगलं होत नाही, ते आंबट होतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेंदूत हे काम कुठे होतं, ते एका रुग्णामुळे कळलं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांना फिट्सचा फार त्रास होता. १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा काही भाग काढून टाकण्यात आला. फिट्स कमी झाल्या, पण २७ वर्षांच्या या माणसाची नवी आठवण तयार होणंच थांबलं. ब्रेंडा मिलनर त्यांना वर्षानुवर्षं तपासत राहिल्या आणि दर वेळी त्यांना नव्याने ओळख करून द्यावी लागे. एकदा त्यांनी मोलेसनना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हात उलटा जातो, रेघ बाहेर पडते, असं हे काम आहे. तीन दिवसांत मोलेसन त्यात चांगले तरबेज झाले, आणि तिसऱ्या दिवशीही आपण हे पूर्वी कधी केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. म्हणजे हाताचं कौशल्य आणि प्रसंगांची आठवण या गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. एकच गोळी सगळी स्मृती सुधारेल, ही अपेक्षा इथेच डळमळते.

पुढे १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं, की दोन चेतापेशींमधला सांधा जोरात वापरला तर तो कित्येक तास मजबूत राहतो. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईत हा सांधा बळकट होताना कोणती रसायनं कामाला लागतात ते शोधलं आणि त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. रसायनं कळली म्हटल्यावर ती वाढवणारी गोळी करता येईल, ही आशा साहजिकच होती.

३. काजऱ्याच्या बिया आणि हुशार उंदीर

ही आशा खरं तर त्याआधीची आहे. १९१७ साली कार्ल लॅशली यांनी उंदरांना स्ट्रिकनीन अगदी थोड्या मात्रेत दिलं, तर ते चक्रव्यूहातली वाट लवकर शिकले. स्ट्रिकनीन म्हणजे आपल्याकडच्या काजऱ्याच्या, कुचल्याच्या बियांतलं विष. हेच विष उंदीर मारायलाही वापरत. १९६० च्या दशकात जेम्स मॅकगॉ यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी उंदरांना आधी शिकवलं आणि शिकून झाल्यावर उत्तेजक औषधाची सुई दिली. दुसऱ्या दिवशी त्या उंदरांना जास्त आठवत होतं. शिकताना औषध अंगात नव्हतंच, त्यामुळे ते लक्ष वाढवून नव्हे, तर टिकवण्याच्या पायरीवर काम करत होतं, हे सिद्ध झालं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. टिकवण्याची पायरी औषधाने बदलता येते, हे त्यातून निर्विवाद कळलं.

पण स्ट्रिकनीनची उपयोगी मात्रा आणि आचके आणून जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. माणसाला ते देणं शक्यच नव्हतं.

१९९९ साली प्रिन्स्टनच्या ज्यो त्सिएन यांनी जनुकात बदल करून असा उंदीर तयार केला, ज्याच्या चेतापेशींमधले सांधे जास्त सहज मजबूत होत. तो लवकर शिकायचा आणि जास्त दिवस लक्षात ठेवायचा. वर्तमानपत्रांत त्याची खूप चर्चा झाली. दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने त्याच बदलाचा आणखी एक परिणाम नोंदवला: या उंदरांना सूज आल्यावरची वेदनाही जास्त आणि लांबलचक जाणवत होती. ते साहजिक होतं, कारण वेदना लक्षात ठेवण्यासाठीही मेंदू हीच यंत्रणा वापरतो.

४. जागेपणाच्या गोळ्या

आता माणसांकडे येऊ. परदेशातल्या विद्यापीठांत आणि अलीकडे आपल्याकडेही विद्यार्थ्यांच्या तोंडी जी नावं असतात, ती मुख्यतः तीन: ॲम्फेटामिन, मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल. मिथाइलफेनिडेट १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत पानित्सोन यांनी बनवलं. त्यांची पत्नी रीटा ते घेऊन टेनिस खेळायची, म्हणून औषधाला रिटालिन हे नाव पडलं. मोडाफिनिल फ्रान्समध्ये तयार झालं. दिवसा अचानक झोपेचे झटके येणाऱ्या रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली.

या गोळ्या मेंदूत डोपामिनसारख्या रसायनांचं प्रमाण वाढवतात. त्यामुळे झोप उडते, कंटाळा कमी होतो आणि हातातलं काम एकदम महत्त्वाचं वाटू लागतं. त्याने आठवणही वाढते का, हे पाहण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४६ निरोगी तरुणांना एकदा ॲम्फेटामिनची गोळी आणि एकदा अगदी तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. कोणती गोळी कधी दिली, हे त्यांना सांगितलं नाही. मग स्मृती, सर्जनशीलता, बुद्धी यांच्या १३ मोजमापांवर त्यांना तपासलं. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एकूण कामगिरीत खात्रीने सांगावा असा फरक नव्हता. पण औषध पोटात असताना "आज माझं काम जास्त चांगलं झालं," असं मात्र या तरुणांना वाटत होतं. ज्या मित्राने तुम्हाला या गोळीची शिफारस केली, तो खोटं बोलत नसतो. त्याला तसं खरंच वाटलेलं असतं.

याच संशोधकांनी २०१५ साली उत्तेजक औषधांवरचे इतरांचे अभ्यासही एकत्र मांडले. तेव्हा काही काळाने आठवण्यात थोडा फायदा दिसला. तो नाकारायचं कारण नाही, पण तो थोडाच आहे आणि सगळ्यांना सारखा मिळत नाही.

त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो मेलबर्नचा २०२३ सालचा प्रयोग. त्यातलं कोडं समजून घ्या. तुमच्या पिशवीत १० किलो वजन मावतं. समोर तीन वस्तू आहेत: एक ६ किलोची, किंमत ६६० रुपये, दुसऱ्या दोन ५-५ किलोच्या, किंमत प्रत्येकी ५०० रुपये. पिशवीत जास्तीत जास्त किमतीचा माल भरायचा. घाईत आपण ६६० ची वस्तू उचलतो, कारण किलोमागे ती सगळ्यांत महाग आहे. मग ४ किलोची जागा उरते आणि तिथे काहीच मावत नाही. ती सोडून उरलेल्या दोन घेतल्या तर १००० रुपये होतात. तीन वस्तूंचं हे सोपं आहे. दहा-बारा वस्तू झाल्या की डोकं चालवावं लागतं.

४० निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी मिथाइलफेनिडेट, डेक्स्ट्रोॲम्फेटामिन, मोडाफिनिल आणि औषध नसलेली गोळी देऊन अशी कोडी सोडवायला दिली. औषध घेतलेल्या दिवशी त्यांनी जास्त वेळ दिला, जास्त वेळा वस्तू आत-बाहेर केल्या, म्हणजे मेहनत नक्कीच वाढली. पण त्या मेहनतीचा दर्जा घसरला. विचार करून उचलण्याऐवजी ते उगाच हलवाहलव करत होते. एरवी सरासरीपेक्षा चांगलं सोडवणारे काहीजण गोळीच्या दिवशी सरासरीच्या खाली आले.

असं का व्हावं? विरजणाची गोष्ट इथे आठवा. डोपामिन कमी असेल तर मेंदूचं काम मंद होतं, पण जास्त झालं तरी बिघडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की ज्यांच्या मेंदूत जन्मजात डोपामिन लवकर मोडलं जातं त्यांना ॲम्फेटामिनचा फायदा होतो. ज्यांच्याकडे ते आधीच पुरेसं असतं, त्यांची अवघड कामातली कामगिरी त्याच गोळीने खाली येते. तुम्ही कोणत्या गटात आहात, हे गोळीच्या पाकिटावरून कळत नाही.

धोकेही खरे आहेत. ॲम्फेटामिन आणि मिथाइलफेनिडेटने नाडी आणि रक्तदाब वाढतो, सवय लागू शकते. मोडाफिनिलने डोकेदुखी होते, झोप उडते, क्वचित अंगावर जिवावर बेतणारं पुरळ येतं. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं आणि गरोदरपणात बाळाला धोका असतो. त्यामुळे मैत्रिणीच्या पाकिटातली एखादी गोळी घेणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

५. रुग्णांचं औषध, धडधाकट माणूस

अल्झायमरच्या रुग्णांना दिलं जाणारं डोनेपेझिल मेंदूत ॲसिटाइलकोलिन नावाचं रसायन मोडू देत नाही. हे रसायन शिकण्यासाठी लागतं आणि त्या आजारात ते कमी पडतं. २००२ साली १८ वैमानिकांवरचा एक अभ्यास गाजला. सरासरी वय ५२. निम्म्यांना महिनाभर डोनेपेझिल दिलं, आणि विमानाच्या नकली कॉकपिटमध्ये शिकवलेल्या गोष्टी त्यांनी जास्त चांगल्या टिकवल्या. पण एका गटात फक्त नऊ माणसं होती. नंतर निरोगी लोकांवर झालेल्या अभ्यासांचे निकाल एकसारखे आले नाहीत. काहींमध्ये किंचित घसरणही दिसली.

पिरासेटाम १९६४ साली बेल्जियममध्ये तयार झालं आणि "बुद्धिवर्धक" हा औषधांचा वर्गच त्याच्यामुळे निर्माण झाला. इतकी वर्षं झाली, तरी निरोगी माणसाचं पाठांतर त्याने सुधारतं याचा भक्कम पुरावा उभा राहिलेला नाही.

६. ब्राह्मी आणि गिंको

घरोघरी ब्राह्मीवर विश्वास आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघायला हवं. बाजारात ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती मिळतात: पाणथळ जागी वाढणारी, जाडसर बारीक पानांची नीरब्राह्मी आणि गोल पानांची मंडूकपर्णी. स्मृतीवरचे बहुतेक चांगले अभ्यास पहिलीवर झाले आहेत. ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ माणसांवर तीन महिने केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिकण्याचा वेग वाढला नाही, पण नव्याने शिकलेल्या शब्दजोड्या विसरण्याचं प्रमाण कमी झालं. म्हणजे नेमकी टिकवण्याची पायरी. परिणाम लहान आहे आणि अभ्यासही लहान आहेत, तरी या यादीत ब्राह्मीची बाजू मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. मात्र त्यासाठी आठवडे लागतात, आणि काहींचं पोट बिघडतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्यायलेल्या सरबताने काही होत नाही.

गिंको या चिनी झाडाच्या पानांच्या गोळ्यांचा हिशेब जास्त स्पष्ट आहे. अमेरिकेत ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या ३०६९ माणसांना सुमारे सहा वर्षं रोज दोनदा गिंको किंवा औषध नसलेली गोळी दिली. स्मृतिभ्रंश टळला नाही, आणि स्मृतीची घसरणही मंदावली नाही.

७. कॉफी की डुलकी

जगात सर्वांत जास्त वापरलं जाणारं उत्तेजक आपल्या कपातच असतं. २०१४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगात चित्रं पाहून झाल्यावर २०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, म्हणजे साधारण दोन कप कडक कॉफीइतकं. दुसऱ्या दिवशी त्या लोकांना थोडीशी बदललेली चित्रं जास्त चांगली ओळखता आली. त्याआधी २००८ साली एका प्रयोगात सकाळी शब्द पाठ केल्यावर दुपारी काहींना झोपू दिलं आणि काहींना तेवढंच कॅफीन दिलं. शब्द आठवण्यात झोपलेले पुढे गेले. टिकवण्याचं काम झोपेत जोरात चालतं. रात्री अकराला चहा घेऊन तीनपर्यंत वाचणारा विद्यार्थी पहिल्या पायरीला चार तास देतो आणि दुसरीचे चार तास काढून घेतो.

८. स्मृती कमी करणाऱ्या गोळ्या

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा भाग फारसं कुणी सांगत नाही. निरोगी माणसाची स्मृती वाढवणारं औषध सापडायला कठीण आहे. ती कमी करणारी औषधं मात्र घरातल्या डब्यात असतात. सर्दीच्या अनेक गोळ्यांत आणि खोकल्याच्या औषधांत क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं. पोटात कळ आल्यावर घ्यायच्या काही गोळ्यांत डायसायक्लोमिन असतं. ही औषधं ॲसिटाइलकोलिनला अडवतात, म्हणजे डोनेपेझिलच्या बरोबर उलट काम करतात. झोपेसाठी घेतलेलं अल्प्राझोलाम नव्या आठवणी तयार होण्यातच अडथळा आणतं. परीक्षेच्या ताणाने झोप येत नाही म्हणून घरातल्या मोठ्यांची ही गोळी घेणारा मुलगा गोळी घेतल्यानंतर वाचलेलं स्वतःच धोक्यात घालतो. वय झालेल्यांवर या सगळ्यांचा परिणाम जास्त होतो.

दुसरी बाजू कमतरतेची. बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. शाकाहारी घरांत ते कमी असणं नेहमीचं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही ते उतरतं. विसरभोळेपणा, थकवा, हातापायांना मुंग्या ही त्याची लक्षणं. थायरॉइड मंदावला तरी डोकं जड होतं. कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर स्मृती खरोखर सुधारू शकते. कमतरता नसताना तीच गोळी घेऊन काही वाढत नाही.

९. पाच मिनिटांचे चार भाग

औषध नाही, पण औषधासारखंच काटेकोरपणे तपासलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. २००६ साली सेंट लुईसच्या रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा दिला आणि पाच-पाच मिनिटांचे चार भाग. एका गटाने चारही वेळा उतारा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, उतारा बाजूला ठेवून, तीनदा आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला ४० टक्के आठवत होतं, दुसऱ्याला ६१ टक्के. आपल्याला जास्त आठवेल, असा विश्वास मात्र पहिल्या गटालाच जास्त होता. वर सांगितलेल्या कोणत्याही गोळीने निरोगी माणसात एवढा फरक दाखवलेला नाही.

तेव्हा गोळी मागायला मेडिकलमध्ये जाण्याआधी, तुम्ही आणि घरातले सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी करा, सर्दीची आणि झोपेचीही. ती डॉक्टरांना दाखवा. खरंच काही लक्षात राहत नसेल तर बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि मित्राच्या पाकिटातली गोळी, ती कितीही भरवशाची सांगितली, तरी घेऊ नका.